पप्पांची गाडी सध्या कोणाची

९ जाने.

पप्पांच्या फोनवर मेसेज. गाडीची पॉलिसी २५ तारखेला संपतेय, वेळेत रिन्यू करा, निश्चिंत राहा. त्यांचा फोन आम्ही अजून चार्ज करून ठेवतो. बँकेचे, गॅसचे, सगळ्याचे ओटीपी त्याच्यावरच येतात. आई आकडे वाचून दाखवते, मी टाइप करते.

लंचटाइममध्ये इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. मुलगी गोड आवाजाची. "सरांशी बोलू शकते का?" म्हटलं, ते डिसेंबरात वारले. "सो सॉरी मॅम. मग सर कधी उपलब्ध होतील?"

तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने मला एकदम होल्डवर टाकलं आणि बासरी वाजायला लागली.

चिडायला हवं होतं. पण तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसलाय. आत्ता, या क्षणी, गाडी कोणाची?

१० जाने.

घरात एकटी ग्रॅज्युएट मी, त्यामुळे सगळे कागद माझ्याकडे. मृत्यूचा दाखला मी आणला, गॅस मी, रेशनकार्ड मी. कंटाळा नाही येत. नियम नेमका कुठे लिहिलाय ते सापडलं की बरं वाटतं. ऑफिसात हसतात याला. हसोत.

कालचा प्रश्न सगळ्यांना विचारला.

आई : "पप्पांची."

दळवी एजंट, पार्ल्याचे, पप्पांची पॉलिसी यांच्याकडूनच असायची : "ताई, कोण विचारायला येतंय? चालवा बिनधास्त."

संतोषदादा, म्हणजे काकांचा मुलगा, मुलुंडला राहतो, अंधेरीत एका ऑफिसची कॅब चालवतो : "घरातलीच ना गं. कोणाची म्हणजे काय?"

काका, कणकवलीहून : "संतोषाची. तेराव्याक ठरला ना ता." तेराव्याला काका बोलले होते खरे, पंगतीत, वाढपी मागे उभा असताना. आई तेव्हा आत होती.

चार माणसं, तीन मालक. दळवी धरले तर एकही नाही.

१७ जाने.

पप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. शेवटची बारा-चौदा वर्षं अंधेरीतल्या एका साहेबाची. स्वतःच्या नावावर ही एकच, तीही सेकंडहँड. आम्हा दोघींना चालवता येत नाही. वाकोल्यात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत उभी असते.

आज आरसी बघायला खाली गेले. दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पार पुढे ओढलेली. पप्पा उंच. दादा त्यांच्याहून उंच. सीट पुढे कोणी घेतली?

१९ जाने.

परवा येताना सीट मागे ढकलून आले होते. आज पुन्हा पुढे. चावी फ्रिजवरच्या टोपलीत, हलल्याचं दिसत नाही.

आईला विचारलं. "मला काय माहीत," म्हणाली आणि कढीत मीठ दुसऱ्यांदा घातलं.

२५ जाने.

वाट लागली.

दादा काल संध्याकाळी येऊन गेला, मी ऑफिसात असताना. पॉलिसी संपतेय हे त्याच्या लक्षात होतं, माझ्याहून जास्त. पप्पांच्या फोनवर ओटीपी मागवला, आईने वाचून दाखवला, आणि पॉलिसी रिन्यू. पप्पांच्या नावाने.

"दादा, मेलेल्या माणसाच्या नावाने कशी काढलीस?"

"अगं, नाव आधीपासून भरलेलंच होतं. मी फक्त पुढे, पुढे, पुढे केलं."

रात्री पॉलिसी पूर्ण वाचली. पहिल्या पानावर पप्पांना धन्यवाद. आत मालक-चालकाचा अपघाती मृत्यूचा विमा. म्हणजे पप्पा अपघातात जाऊ नयेत, गेलेच तर आम्हाला काही मिळावं, अशी पुढच्या वर्षभराची सोय. आईला सांगितलं. ती आधी बघत राहिली, मग हसली. डिसेंबरपासून पहिल्यांदा. नंतर पदर तोंडाला लावून बराच वेळ बसली.

एक गोष्ट कळली, लिहून ठेवते. इतकी वर्षं एकही क्लेम न केल्याची जी सवलत असते ना, नो क्लेम बोनस, ती बायकोमुलांकडे जाऊ शकते, गाडी त्यांच्या नावावर झाली तर. कोणी सांभाळून गाडी चालवली याचा वारसा! पप्पांना हे माहीत असतं तर कॉलर ताठ करून सगळ्या गल्लीला सांगितलं असतं.

२६ जाने.

सुट्टी. झेंडावंदनाला आई बालवाडीत गेली (मदतनीस आहे तिथे), मी झोपले. अकराला दूध आणायला खाली उतरले. मागच्या गल्लीतून गेले.

आई गाडीत. ड्रायव्हरच्या सीटवर, काचा बंद, गणवेशाची साडी, पाय खाली. नीट बघितलं तर डावा पाय दाबतेय, सोडतेय. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर. समोर भिंत.

मी काच वाजवली नाही. दूध घेऊन दुसऱ्या वाटेने आले.

मला वाटत होतं, बसत असेल आठवण काढत. पण ते आठवण काढणं नव्हतं. चेहरा बघितला मी. बालवाडीतली पोरं "क" गिरवताना जीभ बाहेर काढतात, तसा.

२७ जाने.

विचारलं. सरळ.

"आई, तुला गाडी शिकायचीय?"

"चल काहीतरीच."

"मग क्लच कशाला दाबत होतीस?"

ती भांडी लावायला वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "पप्पा शिकवणार होते. एप्रिलात, बालवाडीला सुट्टी लागली की. मागच्या एप्रिलात पण शिकवणार होते. त्याच्या मागच्याही." मग, "तुला लॉ करायचंय, त्या क्लासला लागणार असतील पैसे, तर वीक. मला काय. पण संतोषला द्यायची असेल तर मला आधी सांगा. बाहेरून नको कळायला."

स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कावर मी कॉलेजात भाषण केलंय. बक्षीसही मिळालं. आणि घरातल्या स्त्रीला विचारायचं महिना-दीड महिना सुचलं नाही.

ठरलं. गाडी आईच्या नावावर.

२९ जाने.

अर्धी रजा. दळवींकडे.

दादाने काढलेली पॉलिसी बघून दळवींनी डोक्याला हात लावला. "ही काही कामाची नाही. काही झालं तर कंपनी पहिलं विचारणार, मालक वारले कधी? ही रद्द करून आईंच्या नावाने नवी घ्या." आणि आईच्या नावाने नवी कधी? आरसीवर आईचं नाव आल्यावर. आरसीवर नाव कधी? आरटीओ म्हणतं, चालू इन्शुरन्स दाखवा.

"मग सुरुवात कुठून करायची?"

"तेच ना ताई," दळवी म्हणाले आणि चहा मागवला.

शेवटी चहा संपताना त्यांनी कंपनीत कोणाला तरी फोन लावला. निघालं असं : वारसांनी मिळून लिहून दिलं की गाडी अमुक एकाच्या नावे, तर त्या कागदावर कंपनी नाव बदलेल, मग तीच पॉलिसी आरटीओला. मात्र पप्पांना जाऊन तीन महिने व्हायच्या आत. म्हणजे मार्चच्या मध्याच्या आत सगळं.

तोवर गाडी हलवायची नाही. घरी येऊन जाहीर केलं. मालक नाही, विमा नाही, गाडी हलणार नाही.

४ फेब्रु.

वारस कोण? मी धरून चालले होते, आई आणि मी. कायदा वाचला. बायको, मुलं आणि आई. मेलेल्याची आई!

म्हणजे आजी. गावाला काकांकडे असते. ती लिहून देईल तरच गाडी आईची.

आणि भाऊ? भाऊ या रांगेत नाहीच.

काकांना फोन. हे सांगायची हिंमत जमवायला गॅलरीत तीन चकरा मारल्या.

"म्हंजे? मी सख्खो भाव. एका ताटात जेवलेलो. माझा नाव नाय?"

"काका, मी नाही केला कायदा."

"शिकलंस म्हणान आता माका कायदो शिकवतंस?"

"नाही काका. फक्त आजीचा अंगठा लागेल."

"आवशीचो अंगठो माझ्या घरात आसा," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

८ फेब्रु.

दादाला भेटले, अंधेरी स्टेशनबाहेर, त्याच्या दोन ट्रिपांच्या मधे. वडापाव. सगळं सांगितलं, आईच्या क्लचपर्यंत.

तो बोटांवरची चटणी पुसत बसला. "मला पाहिजे होती गं गाडी. खोटं नाही बोलत. बाबांनी तेराव्याला सांगितलं तेव्हापासून डोक्यात प्लॅन होता. स्वतःची गाडी, स्वतःचा धंदा."

मी माझा उरलेला वडापाव त्याच्यापुढे सरकवला.

"काकी खरंच क्लच दाबत होती? भिंतीकडे बघून?"

"हो."

"सोडताना हळू सोडायला सांग. मला शिकवताना काका, तुझे पप्पा, तेच सांगायचे." आणि निघाला. गाडीत बसल्यावर काच खाली करून ओरडला, "बाबांना मी काही बोलणार नाही हां. ते तुझं तू बघ."

चांगला आहे. त्यामुळेच जास्त वाईट वाटलं.

१३ फेब्रु.

गल्लीत टेम्पोने आपल्या गाडीचा मागचा बंपर घासला. मी वरून धावत खाली. टेम्पोवाला भला माणूस, पळाला नाही.

"मैडम, मालिक कौन है?"

मी बंपरकडे बघितलं. "विचार चालू आहे," म्हणाले मराठीत. त्याने बंपरवरून हात फिरवला, "माफ करना," म्हणाला आणि गेला.

नुसती उभी असलेली गाडी वापरात आहे असं धरतात का? रस्ता सार्वजनिक, गाडी खाजगी, मालक नाही. रात्री यावर वाचत बसले. पक्कं उत्तर नाही मिळालं. मजा आली मात्र.

२१ फेब्रु.

आईचं लर्निंग लायसन्स झालं!! चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तेही आणलं. संगणकावर चिन्हांची परीक्षा. बाहेर येऊन म्हणाली, "एक चुकलं. तो गोल, आत आडवी रेघ. मी म्हटलं गाडी उभी करा. प्रवेश बंद होतं."

सांताक्रूझच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, सकाळी सातची वेळ. शिकवणारा म्हणे तिला "आंटी, डरो मत" म्हणाला. आई : "डर नहीं रही, पैर नहीं पहुँचता." त्याने उशी दिली.

काकांचा फोन नाही. आजीला फोन केला की काका उचलतात, "निजली हा."

१ मार्च

काका आले. न सांगता. आजीला घेऊन, फणसाची भाजी आणि कोकमं घेऊन. आईने पटकन डोक्यावर पदर घेतला, मग काढला. माहीत नाही का, पण मला ते दिसलं.

काका आतल्या खोलीत मला म्हणाले, "आवशीक घेवन इलय. तिच्या तोंडातसून ऐक. मी मधी बोलणार नाय." आणि तासभर तेच बोलले.

२ मार्च

आजी बोलली आज. चहानंतर, कॉटवर मांडी घालून. सगळे होतो. मुलुंडहून दादाही आला होता.

मी तिला कायदा समजावून सांगितला. तीन वारस, तुझाही हक्क आहे, कोणी जबरदस्ती करू शकत नाही, वगैरे. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"झाला तुझा?"

"हो आजी."

"माझ्या झिलाची गाडी ती. दोन महिने झाले. हो म्हणता माझी, ती म्हणता माझी. माका कोणी इचारल्यान?"

काका जमिनीकडे. मी पण.

"संतोषाक दिल्यात तर तो गावाक इलो काय ती पण येतली. दारात उभी ऱ्हवतली, माका दिसतली. हय ऱ्हवली तर मी परत बघतलय काय तिका?"

म्हणजे तिला संतोष नको, कोणी नको. गाडी नजरेसमोर हवी. एवढंच. हे कुठल्याही कलमात नाही.

आई मग पहिल्यांदा बोलली. "मी आणीन गावाला. गणपतीला आणि मे महिन्यात. तुमच्या दारात."

"कोण हाडतली?"

"मी. चालवत."

आजीने आईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. लग्नात बघितलं असेल तसं. "तू? घाटातसून?"

"घाटातून."

"मगे आधी माका बसवन दाखय. मगे अंगठो."

३ मार्च

अडकलो. अंगठ्याशिवाय नाव नाही, नावाशिवाय विमा नाही, विम्याशिवाय गाडी हलवणार नाही, आणि गाडी हलल्याशिवाय अंगठा नाही.

दादा : "अगं, वाकोल्यात एक राउंड मारू दे ना. पाच मिनिटं. मी बसतो बाजूला. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तू ना स्नेहल, सिग्नलला एकटी असलीस तरी थांबशील."

थांबेन. त्या पाच मिनिटांत कोणी आडवं आलं तर? त्याला मी काय सांगू, विचार चालू आहे? आईला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "नाही हलवायची. माझी पहिली फेरी चोरून नको."

५ मार्च

मी आजीला सुचवलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बस, आई चालवेल, सगळं कायदेशीर.

"ती माझ्या झिलाची हा?"

"नाही."

"मगे?"

काका यावर खूष. पण संध्याकाळी ते खाली गाडीपाशी उभे दिसले, बंपरचा चरा थुंकी लावून पुसत होते. भाऊ गेलाय त्यांचाही. हे मी इतके दिवस वारसांची रांग मोजताना विसरलेच होते.

७ मार्च

दळवींचा फोन. कागद बुधवारपर्यंत द्या, पुढे कंपनी ऐकणार नाही. नोटरीची वेळ सोमवारची घेतली. आजीला सांगितलं. "बघूया," म्हणाली. काका मंगळवारच्या गाडीने तिला परत नेणार.

आई आज क्लासमध्ये पहिल्यांदा हायवेला गेली. परत आल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

९ मार्च

रविवार. हे नीट लिहायचंय.

सकाळी आई आजीला म्हणाली, "चला, बसवते." मी एकदम ताठ. आई म्हणाली, "हलवत नाही गं. तू चावी ठेव तुझ्याकडे." आणि चावी खरंच माझ्या हातात दिली.

आजीला धरून खाली नेलं. पुढच्या सीटवर बसवलं. आईने तिला पट्टा लावला, मग स्वतःला. उशी घेतली. आरसा नीट केला. मी आणि दादा मागे. काका बाहेर उभे, कंबरेवर हात.

आईने क्लच दाबला, गिअर टाकला. समोर भिंत. म्हणाली, "निघाले. आता पुलाखालून डावीकडे. हायवे. सकाळची वेळ आहे, गर्दी नाही."

आजी भिंतीकडे बघत.

"चेंबूर. वाशीचा पूल. खाली खाडी."

मला आधी लाजल्यासारखं झालं. गल्लीतली पोरं थांबून बघत होती. दादाने मान खाली घातलेली, मला वाटलं हसतोय. हसत नव्हता.

पनवेल. पेण. पेणला आजी म्हणाली, "हय तो गणपतीच्या मूर्ती दाखयता." महाडला आईने गिअर बदलला, क्लच हळू सोडला. दादा मागून पुटपुटला, "बरोबर."

"आता कशेडी," आई म्हणाली.

"आता बोगदा झालाय आजी," दादा. "घाट लागत नाही."

"माझो झील घाटातसूनच जाय." आजी ठाम. "वळणार हॉर्न दी गो. समोरसून एसटी येता."

आईने तोंडाने हॉर्न दिला. खरंच दिला. काका बाहेर दुसरीकडे बघायला लागले. चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं. आजी मधेच म्हणायची, "हळू", मधेच, "आता पळय". आईच्या कपाळावर घाम. हातखंब्याला आजीने हात लांब करून गिअरवरच्या आईच्या हातावर ठेवला. आई थांबली नाही. दुसऱ्या हाताने वळण घेतलं.

राजापूर ओलांडलं, कणकवली तासाभरावर. खारेपाटणाच्या आधी आजी म्हणाली, "बाजूक घे. चाय पिवया." आईने इंडिकेटरची काडी वर केली, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. मी वर जाऊन थर्मास आणला. गाडीतच प्यालो, चौघं. काकांना काचेतून कप दिला. त्यांनी घेतला.

कप रिकामा झाल्यावर काका खिडकीशी वाकले. "आये, चल वर आता. ऊन झाला. उद्या सकाळी नोटरीकडे जावचा काय नाय, ता सांग. अंगठो देतलंस?"

आजीने पट्टा चाचपून बघितला, घट्ट आहे का. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

"अजून पोचलव खय?"

आईने हँडब्रेक सोडला.